कुंडीतले गँगमन

झाशीचे काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी भुसावळच्या क्वार्टरच्या मागच्या दारी कढीपत्त्याच्या कुंडीला लाटण्याने ठोकत होते. फोन त्यांच्या मुलाचा होता. "बाबा परवा गेले, झोपेतच," एवढं सांगून तो थांबला. मागचा आवाज त्याला ऐकू गेला असावा. त्याने विचारलं, "वहिनी, तुम्ही कुंडी वाजवताय का?" मी हो म्हटलं. पलीकडे तो हसला की रडला ते मला कळलं नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि दूध उतू गेल्याचा वास येईपर्यंत उठले नाही.

गेलेल्या माणसाचे गुण सांगावेत अशी रीत आहे. पण यांचे गुण सांगायला घेतले की आधी विक्षिप्तपणाच हाताला लागतो, त्याला माझा इलाज नाही.

झाशीला सीपरी बाजारात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही सव्वातीन वर्षं राहिलो. आमच्या ह्यांची रेल्वेत बदली झाली, क्वार्टर मिळेना, म्हणून भाड्याची खोली शोधत त्यांच्या दारी गेलो. ते झाशीतल्याच जुन्या मराठी घरातले, रेल्वेतूनच रिटायर झालेले. स्टेशनात गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. त्या खात्यात ते साहेब होते. रेल्वेत त्या हुद्द्याला टीएक्सआर म्हणतात, आणि अख्खी गल्ली त्यांना 'टीएक्सआर साहब' म्हणायची. मी काका म्हणायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न होता, "झाडं किती?" माणसं किती, मांसमच्छी खाता का, पाणी किती लागतं, यातलं काही नाही. मी म्हटलं, "सहा कुंड्या आहेत. ट्रकमध्ये आहेत." तशी ते चपला न घालता बाहेर आले, ट्रकच्या फळीवर चढले आणि आतून हातोडी मागवली. हातोडी काकूंनी आणून दिली. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या इतक्या सहज आत जाऊन हातोडी घेऊन आल्या की मला वाटलं, या घरात पाहुण्यांना आधी पाणी न देता हातोडीच देत असावेत.

त्यांनी दांड्याच्या टोकाने एकेका कुंडीला हलकेच टोला दिला आणि मला म्हणाले, "सूनबाई, ज़रा कान द्या. माझा डावा कान गेला, उजवा जायच्या तयारीत आहे. कसा आला आवाज?"

"ठण्ण," मी म्हटलं.

"ही कोरडी. पाणी मागते आहे. ही?"

"ठप्प."

"हिच्यात पाणी तुंबलंय. ही सिक." आणि खिशातून खडू काढून त्यांनी माझ्या कुंडीवर तिथल्या तिथे फुली मारली.

बिघडलेल्या डब्यांना यार्डात एका बाजूच्या रुळावर नेऊन उभं करतात, त्याला सिक लाइन म्हणतात. काकांची सिक लाइन जिन्याखाली होती. तिथे आजारी कुंड्या ओळीने उभ्या असत आणि प्रत्येकीवर खडूने काय दुखतंय ते लिहिलेलं असे. 'भोक बंद.' 'मूळ गरम.' एका अनंतावर नुसतंच 'नाराज' असं लिहिलेलं मी तीन महिने पाहिलं. झाड बरं झालं की ते खडू पुसायचे आणि म्हणायचे, "चला, फिट." त्याशिवाय कुंडी गच्चीवर चढायची नाही. नोकरीतली हातोडी त्यांनी शेवटच्या दिवशी स्टोअरला परत केली होती आणि त्याच संध्याकाळी बड्या बाजारात एका लोहाराकडून तशीच, पण अंमळ लहान, करून आणली होती. रोज सकाळी सात वाजता गच्चीवर त्यांचा फेरा निघे. मी वर असले तर मी कान, नसले तर काकू कान.

शेजारची दूधवाली अम्मा खालूनच ओरडायची, "काए दद्दा, गमला बजा रए हो, कोनउ को ब्याव है का?"

"हओ," काका वरून ओरडायचे, "केंचुअन को!"

गांडुळांचं लग्न. आणि यात थट्टेचा भाग वाटतो तेवढा नव्हता.

कुंडीतल्या किड्यांशी त्यांचं जे नातं होतं ते मी आजवर दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. आपण कुंडीतली माती उकरली आणि काही वळवळलं की हात मागे घेतो. ते चष्मा नाकावर खाली ओढून आणखी वाकायचे. मातीतले जीव म्हणजे त्यांच्या लेखी रेल्वेची माणसं. गांडुळं म्हणजे गँगमन. उन्हातान्हात रुळाखालची खडी सारखी करणारी, आणि गाडीतल्या माणसाने ज्यांच्याकडे कधी बघितलं नाही अशी. तिळाएवढे पांढरे किडे असतात, पाणी घातलं की टुणकन उडतात, ते रुळांचे सांधे बदलायला धावणारे पॉइंट्समन. हात लावला की गोल वेटोळं करून बसणारा तो पैसा किडा म्हणजे मालगाडी. "याला घाई नाही. पण याच्यावाचून कुणाचं चालत नाही," ते म्हणायचे.

"ही सगळी चावत नाहीत का हो?" मी एकदा विचारलं.

"यांना दात कुठे आहेत? ही बापडी सडकं तेवढं खातात, बस. जितं मूळ यांना आवडतच नाही. आपल्याला कसं शिळं आवडत नाही, तसं यांना ताजं आवडत नाही."

यावरून त्यांना कोणी संत समजू नये. एकदा लिंबाच्या कुंडीत हुमणी निघाली. पांढरी, जाडजूड, इंग्रजी सी सारखी वाकलेली अळी. मी आता शहाणी झाले होते, म्हणून म्हटलं, "हा कोण, काका? स्टेशनमास्तर?" त्यांनी तिला चिमटीत धरलं, गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि साळुंक्यांना हाक मारली. "हा विदाउट तिकीट. हा जितं मूळ खातो," म्हणाले आणि हात धुवायला गेले. कोण कोण आहे ते आधी ओळखा, मग ठरवा, एवढंच त्यांचं म्हणणं असे. आणि ते म्हणणं ते दिवसातून चारदा म्हणत, त्यामुळे कंटाळाही यायचा.

मे महिना हा सरकारी बदल्यांचा महिना. काकांच्या गच्चीवरही बदल्या निघत. लहान कुंडीत गांडुळं फार झाली की ती बुडाशी जमतात, गोल गोल फिरतात आणि पाणी जायचं भोक बुजवतात. ऊन तापलं की कुंडीत त्यांचे हालही होतात. म्हणून काका संध्याकाळी एकेक कुंडी काठापर्यंत पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचे. पंधरा मिनिटांत गांडुळं वर येत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी अशी किंचाळले की खालून काकू पळत आल्या. काका शांतपणे एकेकाला उचलून ओल्या गोणपाटावर ठेवत होते आणि मला लिहून घ्यायला सांगत होते. "लिहा. कुंडी सातमधले नऊ जण, पेरूखाली."

"बायकापोरांसकट का?" काकूंनी विचारलं.

"फॅमिली मागाहून जाते," काका म्हणाले.

मग खाली अंगणातल्या पेरूच्या आळ्यात त्यांना सोडायचं, वर पालापाचोळा पांघरायचा आणि दोन दिवस तिथे कुणी खुरपं घालायचं नाही. नव्या जागी रुजू व्हायला माणसाला वेळ देतात तसा यांनाही द्यायचा. काकू मला म्हणायच्या, "आमच्या लग्नानंतर मला सासरी रुळायला यांनी एक दिवस दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पंधरा माणसांचा स्वयंपाक." काका डाव्या बाजूने ऐकल्यासारखं करायचे, म्हणजे ऐकायचे नाहीत.

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. एका रात्री त्यांनी एक एक्स्प्रेस वीस मिनिटं रोखून धरली होती. एका चाकाचा आवाज त्यांना बरा वाटला नाही. खाली झोपून पाहिलं, बॅटरी मारून पाहिलं, दोन जणांना पाहायला लावलं. काही दिसेना. साहेबांचे फोनवर फोन. रेल्वेत गाडीला उशीर झाला की तो कुणाच्या तरी नावावर लिहावा लागतो, आणि ज्याच्या नावावर लिहिला जातो त्याची झोप उडते. काका म्हणाले, "लिहा माझ्या नावावर, पण डबा काढा." डबा काढला. ही गोष्ट काकांच्या तोंडून ऐकताना मी शेवटी विचारलं, "मग? काय निघालं चाकात?"

"काही नाही," ते म्हणाले. "चाक चांगलं होतं."

"म्हणजे तुमची चूक झाली?"

"चूकच. पण आवाज चांगला नव्हता, सूनबाई."

दुसरा कोणी असता तर इतक्या वर्षांत गोष्ट सांगताना त्या चाकाला एखादा तडा पाडून मोकळा झाला असता. मलाही तो पाडावासा वाटला. काकांनी नाही पाडला.

आता बकुळीची गोष्ट सांगते, कारण तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

माझ्या आईच्या माहेरी, मिरजेजवळच्या एका खेड्यात, दारात बकुळ होती. रस्ता रुंद झाला त्यात ती गेली. ती तोडायच्या आधी आईने खालची पिकली फळं वेचून आणली आणि बिया रुजत घातल्या. एकच उगवली. आईचा मिरजेतला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, उन्हाचा तिथे पत्ता नाही, म्हणून रोप हातभर झाल्यावर तिने ते माझ्या हवाली केलं. "जमीन मिळेल तिथं लाव," म्हणाली. आता रेल्वेवाल्याला कुठली जमीन? बकुळ आमच्याबरोबर कुंडीतच बदल्या खात हिंडली. नऊ वर्षांत कमरेच्या वर गेली, पण फुलली नव्हती. दर रविवारी आईचा फोन यायचा आणि माझ्या आधी ती बकुळीचं विचारायची.

आमचे हे रेल्वे कॉलनीत वाढलेले. कुंडी म्हणजे लाल अंग आणि वर पांढरी पट्टी, हे त्यांच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं. तिथे गेरू आणि चुना लावायचे. गेरू पावसात धुऊन जातो म्हणून ह्यांनी हुशारी केली आणि ऑइल पेंट आणला. प्रत्येक बदलीला, नव्या घरी गेल्यावर, एक नवा हात. बकुळीच्या कुंडीवर असे पाच हात चढले होते. दिसायला कुंडी अशी झकास दिसायची की येणारे-जाणारे विचारायचे.

पहिल्या दिवशी काकांनी फुली मारली होती ती याच कुंडीवर. "मातीची कुंडी अंगाने श्वास घेते. तुम्ही तिला रेनकोट घातलाय, तोही पाच. रंग खरवडा," असं त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितलं. मी हो हो म्हणत राहिले आणि कुंडी सिक लाइनीत न ठेवता हट्टाने गच्चीवरच ठेवली. खरं सांगायचं तर मला तो रंग आवडायचा. शिवाय दिवाळीला आई येणार होती, तिच्यापुढे खरवडलेली कुंडी कशी ठेवायची?

पावसाळा सरता सरता बकुळीची पानं पिवळी पडू लागली. आईला मी फोनवर सांगत होते, "छान आहे, नवी पालवी आली आहे." एकदा खोटं बोललं की दर रविवारी बोलावं लागतं. एका दुपारी मी माती उकरली तर आत पांढऱ्या दोऱ्यासारख्या अळ्या आणि ते उडणारे किडे, मूठ भरेल इतके. आजवर काकांनी मला जे शिकवलं होतं ते सगळं एका क्षणात धुऊन गेलं. मला वाटलं, हेच खातायत माझ्या आईची बकुळ. काका त्या वेळी घरी नव्हते, समथरला भाचीकडे बारशाला गेले होते, चार दिवसांनी यायचे होते. चार दिवस मला धीर धरवला नाही. फोनवर कुणा गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला आणि बाजारातून किडे मारायची पूड आणली. पुडीवर एक चमचा लिहिलं होतं. मी दोन घातले आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीच्या मातीवर गांडुळं येऊन मरून पडली होती. मला वाटलं, झालं काम. चौथ्या दिवशी बकुळीची पानं गळायला लागली. हिरवीसुद्धा.

काका बारशाचे लाडू घेऊन आले ते थेट गच्चीवर. कुंडी पाहिली आणि उकिडवे बसले. मी रडत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. निदान 'मी सांगत होतो' एवढं तरी म्हणतील. त्यांनी एक कागद मागितला आणि मेलेली गांडुळं एकेक करून त्यावर उचलली. नंतर म्हणाले, "झाडाला या बापड्यांनी नव्हतं धरलं, सूनबाई. आत पाणी तुंबून मूळ सडत होतं. ते सडलेलं ही खात होती, म्हणून झाड इतके दिवस तग धरून राहिलं. इतकी गोळा का झाली हे बघायचं होतं. असो. रडायला मागून वेळ आहे. आधी परात आणा."

त्यांनी हातोडीने रंगाचे पाच हात चढलेली ती कुंडी फोडली. आतून असा वास आला की आमचे हे, मदतीला उभे होते ते, नाकाला रुमाल लावून मागे सरले. मुळं काळी पडली होती. काकांनी ती परातीत पाण्याने तीनतीनदा धुतली, काळी ती कात्रीने कापली, आणि वरचं झाडही छाटत छाटत गुडघाभर आणून ठेवलं. पान म्हणून एक उरलं नाही. नवी, बिनरंगाची कुंडी, खाली विटेचे तुकडे, नवी माती. आणि शेवटी ते आपल्या सर्वांत लाडक्या लिंबाच्या कुंडीशी गेले, वरची ओंजळभर माती उचलली आणि बकुळीच्या बुडाशी पसरली. त्या मातीत पांढरे किडे उड्या मारत होते.

"पुन्हा तेच?" मी म्हटलं.

"गँग नसेल तर लाइन कोण बघणार?" ते म्हणाले.

बकुळीची काठी जिन्याखाली सिक लाइनीत गेली. खडूने त्यांनी तिच्यावर काहीच लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अजून कळलेलं नाही."

दिवाळीला आई आली. रिक्षातून उतरली, हातपाय धुतले आणि चहा घ्यायच्या आधी म्हणाली, "बकुळ कुठं हाय?" मला तिला जिन्याखाली न्यावं लागलं. आई त्या काठीकडे बघत उभी राहिली. माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "हे काय झालं ग?"

मी चाळिशीला आलेली बाई, पण त्या वेळी मी आठ वर्षांची झाले होते. इतक्यात मागून आवाज आला, "माझ्याकडून चूक झाली, ताई."

काका दारात उभे होते. "किडे दिसले म्हणून मी औषध घातलं. जास्त पडलं."

आई अशी तशी बाई नाही. अर्धा तास ती त्यांना बोलत होती. "अवो, दुसऱ्याच्या झाडाला हात लावायचा तर इचारायचं तरी! माझ्या आयेच्या दारचं ते शेवटचं झाड. तुम्हाला काय त्याचं!" काका खाली मान घालून उभे. काकू आतून येऊन नवऱ्याकडे बघत राहिल्या, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि आत गेल्या. मी तिथे भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

आई मिरजेला परत गेल्यावर मी खाली जाऊन त्यांना विचारलं, "का केलंत असं?"

ते पडवीत खडू तासत बसले होते. म्हणाले, "उशीर कुणाच्या तरी नावावर लिहावा लागतो. त्यांना रागवायला कुणीतरी पाहिजे होतं. लेकीवर रागावल्या असत्या तर गाडीत रडत गेल्या असत्या. माझ्यावर रागावल्या, तर डबा खाऊन झोपल्या असतील. मला काय, मी त्यांचा कोण?"

ज्या माणसाने स्वतःच्या गोष्टीत एक तडा पाडला नव्हता, तो माझ्यासाठी माझ्या आईशी खोटं बोलला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण ते खडूची भुकटी झाडत उठले आणि म्हणाले, "चला, फेरा राहिलाय. कान आणा."

मी आईला लगेच खरं सांगायला हवं होतं. पुढच्या रविवारी सांगेन म्हणत दोन वर्षं काढली. आई दर फोनला विचारायची, "तो बुडव्या काय करतोय?" मी म्हणायचे, "बरे आहेत." त्याच बुडव्याने त्या काठीला पहिल्या थंडीत गोणपाट गुंडाळलं, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा जागा बदलून तिला सावलीत फिरवलं, आणि फाल्गुनात एका सकाळी माझ्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं तर म्हणाले, "चश्मा लावून या. मला दिसतंय ते खरं आहे का बघा." काठीच्या अंगावर मोहरीएवढा लाल कोंब होता. त्या दिवशी त्यांनी कुंडीवर खडूने पहिल्यांदा काही लिहिलं. लिहिलं, 'आहे.'

बकुळ पुढच्या पावसाळ्यात गच्चीवर चढली. ओंजळभर मातीतल्या त्या गँगने आत काय केलं असेल ते तिलाच माहीत. पण मी टोला द्यायचे तेव्हा कुंडी पुन्हा कधी 'ठप्प' बोलली नाही. मी रोज तिच्यापाशी जाऊन माती जराशी बाजूला करायचे, पांढरे ठिपके उडाले की बरं वाटायचं, आणि पुन्हा झाकायचे.

आमची भुसावळला बदली व्हायच्या थोडं आधी आई पुन्हा झाशीला आली. येऊन दोन दिवस झाले तरी काकांशी ती एक शब्द बोलली नव्हती. जिन्यात समोर आले तर पदर सावरून भिंतीकडे तोंड करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. आवाज असा होता की मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले.

आई कुंडीपाशी बसली होती. बकुळीची फुलं झाडावरून तोडत नाहीत, ती आपली आपण पडतात. मातीवर, कुंडीच्या काठावर, खाली फरशीवर, चांदण्यांसारखी पडली होती. फार नव्हती. आई ती एकेक वेचून पदरात टाकत होती आणि मधूनच पदर नाकाशी नेत होती. "आयेच्या दारचाच वास," म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

तेवढ्यात काका सातच्या फेऱ्याला वर आले. आईला पाहून परत जायला वळले.

"थांबा," आई म्हणाली. ती उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हीच मारलीसा, आन् तुम्हीच जगवलीसा. मी लई बोलले तवा. मनात ठेवू नगा."

"हां जी, हां जी," काका म्हणाले. एवढंच म्हणून ते मोकळे झाले असते. आईही झाली असती. दोघंही मला सोडून द्यायला तयार होती.

"आई," मी म्हटलं, "औषध मी घातलं होतं. काका तर तेव्हा समथरला होते. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच त्यांचा काही गुन्हा केला होता. "सूनबाई, गाडी निघून गेल्यावर लाल झेंडी दाखवतात का?"

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्याकडे बघत होती. "दोन वर्षं," ती म्हणाली. "देवापुढं बसून मी तुमचं नाव घेऊन... काय काय म्हणाले मी."

"लागलं नाही काही, ताई. बघा, ठणठणीत आहे."

आई हसली नाही. "हात करा पुढं," म्हणाली. त्यांनी एक हात केला. "दोनी." त्यांना हातोडी खाली ठेवावी लागली. आईने पदर त्यांच्या ओंजळीवर धरला आणि झाडून सगळी फुलं त्यांच्या हातात घातली. एक पदराच्या काठाला चिकटलं होतं, तेही काढून घातलं.

पहिल्या बहराची फुलं देवाची असतात, हे मला तिनेच शिकवलं होतं. मी म्हटलं, "आई, देवाला?"

"देवाला उद्या," आई म्हणाली.